राखणदाराचे बारा नंबरी बूट

मला उंचीची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकतो. लपवण्यात अर्थ नाही, कारण दुबईत रास अल खोरच्या आमच्या यार्डात ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी तिथे एका स्काफोल्डिंग कंपनीत स्टोअरकीपर होतो. इमारतीच्या बाहेरून जी लोखंडी परांची बांधतात तिचे पाइप, ते जोडणारे क्लॅम्प, फळ्या, आणि ती बांधणाऱ्या माणसांचे बूट, पट्टे, हेल्मेटं, सगळं माझ्या ताब्यात. दुसऱ्यांना वीस-वीस मजले चढवायचं सामान मी द्यायचो आणि स्वतः मात्र स्टोअरमधल्या सहा पायऱ्यांच्या शिडीवर कधी पाय ठेवला नाही. वरच्या फळीवरचं काही हवं असलं की दारात उभं राहून ओरडायचो, "अरे, कोणीतरी या रे इकडे!" यायला कोणी उशीर केला तर उलट त्यालाच झाडायचो. माझा स्वभावच तसा आहे, तापट. बायको म्हणते अजूनही फरक नाही.

तर पुस्तकांचं असं झालं. यार्डाला लागून एक वखार होती. नोकरी संपवून मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या कुटुंबांचं घरसामान तिथे विकायला यायचं. सोफे, फ्रिज, पाळणे हातोहात जायचे, पुस्तकांना कुत्रं विचारत नव्हतं. तिथला पठाण वॉचमन मला खोकीच्या खोकी दाखवून म्हणायचा, "ले जाओ हबीबी, जगह खाली करो." एकदा मी एक जाडजूड पुस्तक उचललं. मुखपृष्ठावर काचेची उंच इमारत, गच्चीवर उभा माणूस आणि त्याच्या तळहातावर जाळ. मला वाटलं, फायर सेफ्टीचं पुस्तक आहे. कामाला येईल म्हणून घेऊन आलो.

चार पानं वाचली आणि कपाळाला हात लावला. कादंबरी होती ती! जादूची! पण राजवाडे आणि जंगलं नाहीत, आजचं शहर. चेटकीण बँकेत नोकरीला, पुलाखालचं भूत टोल मागतंय, नायकाला सतराशे मंत्र येतात पण गाडी लावायला जागा मिळत नाही. हा शेवटचा मुद्दा मला इतका पटला की पुस्तक खाली ठेववेना. डिक्शनरी आणली आणि जेवणाच्या सुट्टीत रोज आठ-दहा पानं वाचायला लागलो.

आम्ही आठ जण यार्डामागच्या कॅम्पमध्ये एका खोलीत राहायचो. सगळे तळकोकणातले. शुक्रवारी सुट्टी. दुपारी माशाची आमटी-भात खाऊन सगळे बंकवर आडवे व्हायचे, बाहेर ऊन मी म्हणत असायचं आणि एसी घरघरत असायचा. तेव्हा आठवडाभरात वाचलेलं मी सगळ्यांना मराठीत सांगायला सुरुवात केली. त्यांना कळायला सोपं जावं म्हणून ते परकं शहर मी उचलून दुबईत आणलं. पुलाखालचं भूत क्रीकवरच्या, म्हणजे इथल्या खाडीवरच्या, पुलाखाली बसवलं. चेटकिणीला देरा बाजारातल्या बँकेत काउंटरवर बसवलं. मला वाटलं होतं, हे लोक तोंडात बोटं घालतील. कसलं काय! मेसचा आचारी आमच्याच खोलीत होता. पुलाखालच्या भुताचं अख्खं वर्णन ऐकून तो म्हणाला, "म्हणजे राखणदार. बरा, मगे फुडे?"

मी भडकलो. म्हटलं, "अरे, साहेबाने पाचशे पानं खर्ची घातली त्याच्यावर, आणि तू एका शब्दात निकाल लावतोस?" पण खोटं कशाला बोलू, त्याचं बरोबर होतं. आमच्याकडे गावाच्या वेशीवर राखणदार असतोच. तो धड देव नाही, धड भूत नाही. गावाची हद्द रात्रभर पायी फिरतो. त्याला नारळ देऊन गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे जे मागायचं ते सगळ्यांसमक्ष मोठ्याने सांगायचं, आणि जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. काही ठिकाणी त्याला चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. काही दिवसांनी बघावं तर तळ झिजलेले. म्हणजे तो फिरला. खोलीतल्या कोणालाही यात शंका नव्हती, एक मी सोडून. मी बारावी सायन्स!

माझ्या वरच्या बंकवर एक जण झोपायचा, वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला दादा म्हणायचे. त्याचं घराणं पाडेल्यांचं, माडावर चढून नारळ काढणाऱ्यांचं. बाप, आजा, सगळे माडावर. हा इथे येऊन स्काफोल्डर झाला आणि कंपनीत त्याच्यासारखा चढणारा दुसरा नव्हता. गप्प माणूस, पण गोष्ट ऐकताना मध्येच असा प्रश्न विचारायचा की माझी बोबडी वळायची. "ती चेटकीण बँकेत सुट्टी कधी घेता?" आता ते पुस्तकात कुठे असतं! मग मी काहीतरी ठोकून द्यायचो.

एका मंगळवारी दादा एकोणिसाव्या मजल्यावरून घसरला. कमरेच्या पट्ट्याचा हूक पाइपात अडकवलेला होता म्हणून वाचला. चार-पाच मिनिटं नुसता लोंबकळत होता. वर ओढून घेतला तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. सगळे म्हणाले, सुटलास बाबा! पण दुसऱ्या दिवशी साइटवर बसमधून उतरला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशीच त्याचे पाय लटपटायला लागले. तिसऱ्या दिवशी तेच. फोरमन केरळचा, तसा माणूस बरा. त्याने याला खाली क्लॅम्प साफ करायला बसवलं आणि मला फोनवर सांगितलं, "महीने के आखिर तक देखेगा. नहीं चढ़ा तो खलास, घर भेजना पड़ेगा. स्काफोल्डर को नीचे बिठाके मैं क्या करेगा?"

घरी जाणाऱ्या माणसाच्या क्लिअरन्सच्या कागदावर स्टोअरकीपरची सही लागते. बूट, पट्टा, हेल्मेट परत मिळालं, अशी. म्हणजे दादाला घरी पाठवणारी शेवटची सही माझी असणार होती. दादाची मुलगी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, अजून दीड वर्ष बाकी होतं. पण त्याला खरं खात होतं ते वेगळंच. आचाऱ्याला तो एकदाच म्हणाला, "पाडेल्याचो झील मी, आणि उंचाक भियालंय. गावात तोंड खय दाखवू?" आणि भिंतीकडे तोंड करून जो आडवा झाला तो आठ दिवस कोणाशी बोलला नाही. मला ते बघवत नव्हतं. रागही येत होता, आता तो नेमका कोणावर काढायचा हे कळत नव्हतं म्हणून आणखी येत होता.

पुढचा शुक्रवार आला. सगळे म्हणाले, गोष्ट सांग, निदान त्याच्या कानावर तरी पडेल. आणि नेमकी पंचाईत तिथेच होती. पुस्तक संपत आलं होतं आणि शेवटची पानं फाटलेली. नायक अर्धवट बांधलेल्या एका टॉवरच्या पायथ्याशी उभा, आणि पुढे मागचा पुठ्ठा. काय करणार? दिलं ठोकून. म्हटलं, बांधकाम चालू असलेल्या प्रत्येक इमारतीला एक राखणदार असतो. तो आधी मजल्याला फेरी मारतो, मगच तिथे माणसं चढतात. सकाळी किती वर गेले आणि संध्याकाळी किती खाली आले, हे तो बघतो. जो घसरेल त्याचा पट्टा धरतो.

वरच्या बंकवरून आवाज आला, "तेच्या पायात काय आसता?"

आठ दिवसांनी तोंड उघडलं होतं त्याने. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कसलाही विचार न करता म्हणालो, "काही नाही. अनवाणी."

दादा उठून बसला. "अनवाणी? ह्या उन्हात? सळये, खिळे, तापलेला लोखंड, आणि अनवाणी?" मग म्हणाला, "म्हणजे तेणा माका धरल्यान, आणि आमी तेका सादी वहाण दिली नाय." आणि माझ्याकडे वळून अगदी सरळ आवाजात म्हणाला, "माका तुझ्या स्टोअरातले सेफ्टी शूज दी. मोठ्यातले मोठे."

"अरे, डोकं फिरलं का तुझं!" मी ओरडलो. "कंपनीचा माल आहे तो! आणि हे पुस्तक आहे, पुस्तक!"

"पुस्तकात लिवलेला आसा ना? मगे सायब खोटा कित्याक लिवतलो?"

तेव्हाच सांगायला हवं होतं की साहेबाने नाही, मी लिवलंय. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण माणूस आठ दिवसांनी उठून बसला होता, त्याच्या डोळ्यांत जान दिसत होती. मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यात मी योग्य वेळी गप्प बसल्याचे प्रसंग फार थोडे आहेत.

दर सहा महिन्यांनी प्रत्येकाला बुटांचा एक नवा जोड मिळायचा. माझा त्या महिन्यात यायचा होता. रजिस्टरमध्ये मी माझ्या नावापुढे बारा नंबर लिहिला. माझा पाय आठचा. बारा नंबरचे बूट दोन वर्षं वरच्या फळीवर धूळ खात पडले होते, तेवढा पाय कंपनीत कोणाचा नव्हता. अर्थात, खाली काढायला दुसऱ्याला बोलवावं लागलं. खोलीतच नारळ फोडला. आचाऱ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ह्या परक्या मुलखातल्या नव्या इमारतीचो तू राखणदार. आमका तुझा नाव म्हायत नाय, तुका आमची भाषा कळता की नाय ताही म्हायत नाय. पण ह्या पाडेल्याच्या लेकराक पयल्यासारखो वर चढय रे म्हाराजा!" आम्ही शेजारच्या खोलीला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणालो, "होय म्हाराजा!" मीही म्हणालो. 

दादाला जिना चढवत नव्हता, म्हणून खोलीतल्या दुसऱ्या एका स्काफोल्डरने बूट नेऊन तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या कॉलमशी ठेवले. दादा म्हणाला, "आठ दिवसांनी बघूचे. गावात तसाच करतत. आणि बघूक मीच जातलंय." जाणार कसा, हे कोणी विचारलं नाही. पण मला मात्र घाम फुटला. आठ दिवसांनी हा जीव मुठीत धरून तीन मजले चढणार, आणि वर बूट कोरे करकरीत. राखणदाराने माझं काही घेतलं नाही, म्हणेल. मग कसला चढतोय! आणि हे सगळं माझ्या एका थापेमुळे.

सातव्या दिवशी साइटवर पाइपांचा ट्रक जाणार होता. चलनावर सही घ्यायला कोणीही गेलं असतं, पण मी ड्रायव्हरशेजारी चढून बसलो. जेवणाची वेळ होती, माणसं सगळी खाली. तीन मजले! लोक हसतील, पण सांगतो. जिन्याला कठडा नव्हता. पायऱ्यांवर सिमेंटची धूळ. उजव्या हाताला भिंत, डाव्या हाताला काही नाही. मी भिंतीला पाठ लावून, लहान पोरं चढतात तसा, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तर बसलोच. रडू येईल असं वाटलं. स्वतःला शिव्या घातल्या, त्या पुस्तकवाल्याला घातल्या, पठाणाला घातल्या, दादाला तर मनसोक्त घातल्या, आणि उठलो.

बूट होते तिथेच, नवेकोरे. एक एक घेऊन खडबडीत काँक्रीटवर तळ घासले. रबर कसलं, दगड होता! हाताला फोड आले. टाचा जरा चपट्या झाल्यावर होते तसे ठेवले आणि बसून, एकेक पायरी सरकत, खाली आलो. ड्रायव्हर म्हणाला, "क्या हुआ? चेहरा सफ़ेद है." मी त्याला म्हटलं, "यल्ला, गाडी चलाओ."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बस कॅम्पवर आली. दादा उतरला तो तडक स्टोअरशी आला. "झिजले," एवढंच म्हणाला. चेहरा असा काही उजळला होता की मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. मग म्हणाला, "आता सहाव्यार ठेवतंय. तो काय तिसऱ्यारच बसतलो?"

आणि खरंच, बूट वर वर जायला लागले. सहावा, आठवा, अकरावा. दर वेळी नेऊन ठेवणारा दादा, बघायला जाणाराही दादा. आधी आतल्या जिन्याने, भिंतीला हात लावून. मग एक दिवस पाचव्या मजल्यावर बाहेरच्या फळीवर एक पाय टाकला म्हणाला. मी पुन्हा काही वर गेलो नाही, ते माझ्याच्याने होणं नव्हतं. पण दादा रोज सांगायचा, तळ झिजतायत. मी मनात म्हणायचो, माणसाला दिसायचं ते दिसतं. बारावी सायन्स ना.

बाहेर उभं राहून काम करणं मात्र अजून जमत नव्हतं, आणि महिना संपला. शेवटच्या दिवशी ऑफिसचा पोऱ्या क्लिअरन्सचे चार कागद टाकून गेला, त्यात दादाचा. मी इतर तिघांवर सही केली आणि दादाचा पेपरवेटखाली सरकवला. फोरमनला फोन लावला. "स्टॉक की गिनती चालू है, तीन दिन कोई साइन नहीं मिलेगा." गिनती-बिनती काही चालू नव्हती. तो म्हणाला, "आज तक ऐसा गिनती नहीं देखा." मी म्हटलं, "आता बघ!" आणि फोन आपटला. त्याला मराठी येत नव्हती, पण कळलं असणार.

दादाला मी कागदाचं सांगितलं नाही. सांगून त्याचे पाय पुन्हा लटपटले असते तर? पहिला दिवस गेला. दुसरा गेला. रात्री त्याच्या खालच्या बंकवर पडून मी मनातल्या मनात त्या बिननावाच्या राखणदारालाच आळवत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. फोरमन ओरडत होता, मागे साइटचा गलका. "वो चौदह नंबर फ्लोर पे बाहर खड़ा है! पाइप बाँध रहा है! वो पेपर फाड़ दो!" मी म्हटलं, "नक्की?" तो म्हणाला, "अरे मैं देख रहा है ना!" मी कागद फाडला. मग फाडलेले तुकडे आणखी फाडले. आणि दार लावून घेऊन बसलो थोडा वेळ, कारण डोळ्यांतून पाणी थांबेना.

त्यानंतर दादा सहा वर्षं राहिला. मुलगी नर्स झाली, तिचं लग्न झालं. कंपनीची कामं रास अल खोरच्या पलीकडे इंटरनॅशनल सिटीच्या वाळूत पोचली. दादा गँगचा म्होरक्या झाला, आणि त्याच्या गँगमधलं कोणी कधी पडलं नाही. बूटही फिरत राहिले, या इमारतीवरून त्या इमारतीवर. मी विचारायचो नाही. आपली थाप कशाला उकरून काढायची!

मग त्याचा खराखुरा क्लिअरन्सचा कागद आला, त्याने स्वतः मागितलेला. दादाने माझ्या टेबलावर पट्टा, हेल्मेट आणि त्याचे सात नंबरचे बूट ठेवले. त्याच्या शेजारी ते बारा नंबरचे ठेवले. मी उलटे करून बघितले. तळ पार गेलेले, टाचेतून आतलं कापड दिसत होतं.

मला राहवेना. म्हटलं, "दादा, जाताना ऐक. पुस्तकात तसलं काही नव्हतं. शेवटची पानं फाटली होती, राखणदार मी घातला. आणि पहिल्या वेळी बूट मीच घासले होते."

तो हसला. "माका म्हायत होता."

"काय? कधीपासून?"

"त्याच दिवशी. जिन्यार सिमेटाची धूळ होती. हरएक पायरीर दोन दोन पावला, भिंतीक चिकटान, आणि बाजूक बसान सरकल्याची खूण. तसो कोण चढता, ता माका कळूक नाय?" मग माझ्याकडे न बघता, पट्ट्याची बक्कल उगाच लावत-काढत म्हणाला, "शिडीर चढूक भिणारो तू, माझ्यासाठी तीन माळे चढलंस. मगे माका चढूक काय झाला होता?"

 मी बुटांकडे बोट दाखवलं. "मग हे कोणी झिजवले?"

"मी. आत मोज्यांचे तीन जोड घालून. रोज सकाळी, माणसा वर येवच्या आधी, हरएक माळ्याक फेरी. एकेक क्लॅम्प हातान हलवून बघायचंय. तूच सांगलंस ना, आधी तो फेरी मारता, मगच माणसा चढतत." आणि वर म्हणाला, "तुझी गोष्ट खोटी पडता नये म्हणान."

मी सही केली. दादाने बारा नंबरचे बूट माझ्याकडे सरकवले. म्हणाला, "हे माझ्या नावार नाय. तुझ्या नावार आसत." रजिस्टर काढून बघितलं, खरंच होते.

तो विमानतळाच्या गाडीत बसून गेला. मी ते बूट पुसले. दारात उभं राहून कोणाला तरी हाक मारायची म्हणून तोंड उघडलं, आणि मिटलं. शिडी स्वतःच ओढून फळीला लावली, बूट एका हातात धरले आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत सहाही पायऱ्या चढलो. बूट वरच्या फळीवर, होते त्याच जागी ठेवले.